दोन्ही डोळे एकाच गालावर: लहान मुलाचं तुकड्यांतलं व्यक्तिचित्र कसं पाहावं

भुसावळच्या एका बालरोगतज्ज्ञांकडे, पेशंट बसतात त्या हॉलमध्ये, एक तैलचित्र लावलेलं आहे. अडीच फूट उंच, दोन फूट रुंद. पाच-सहा वर्षांची मुलगी खुर्चीवर बसली आहे, एवढं लगेच कळतं. पुढे मात्र माणूस अडखळतो. नाक बाजूने दिसतं, पण डोळे दोन्ही दिसतात, आणि तेही एकाच गालावर, एक वर आणि एक खाली. कान एकच, तोही नको तितका वर. फ्रॉकचे हिरवे-पिवळे त्रिकोण झालेले. डॉक्टरांच्या मेहुण्यांनी हे रंगवलं, आणि चित्रातली मुलगी म्हणजे त्यांची भाची.

नंबरची वाट बघणारी मंडळी या चित्रावर अगदी मोकळेपणाने बोलतात. "हिले काय झालं व्हतं वो डॉक्टर?" हा तर ठरलेला प्रश्न. कुणाला ती पडून लागलेली वाटते, कुणाला तापाने फणफणलेली. शिकलेले लोकही मागे नसतात. 'हरवलेलं बालपण', 'विखंडित मन' असे शब्द त्यांच्या तोंडात तयारच असतात. खरं तर दोघांची चाल एकच आहे: चेहरा मोडलेला दिसला की थेट दुःखापर्यंत धाव घ्यायची. मी चित्रकलेचा शिक्षक. ग्रेड परीक्षांची तयारी करून घेता घेता मुलांना अशी चित्रं पाहायला शिकवण्याची एक पद्धत बसत गेली, ती इथे सविस्तर देतो. उदाहरणाला हेच हॉलमधलं चित्र घेतो. तुमच्यासमोर दुसरं असेल, पिकासोचं किंवा एखाद्या कला महाविद्यालयाच्या वार्षिक प्रदर्शनातलं, तरी पायऱ्या त्याच.

आधी नुसतं उभं राहा

चित्राखालची पट्टी वाचू नका. नाव वाचलं की डोळे त्या नावाचाच पुरावा शोधत बसतात. आधी दहा फुटांवरून पाहा, मग हात लांब करून जवळजवळ टेकेल इतक्या अंतरावर जा, मग पुन्हा मागे या. तुकड्यांचं चित्र लांबून जुळतं आणि जवळून सुटतं. ते नेमकं कोणत्या अंतरावर जुळायला लागतं, तिथे पायाने खूण करून ठेवा. आमच्या चित्राच्या बाबतीत ती जागा सहा फुटांवर, औषधाच्या खिडकीपाशी येते.

बहुतेकांची अडचण अशी की मूळ चित्र समोर नसतं, मोबाईलवर असतं. मोबाईलवर पाच फुटी चित्र आणि वीतभर चित्र सारखंच दिसतं. म्हणून संग्रहालयाच्या संकेतस्थळावर दिलेली लांबी-रुंदी सेंटीमीटरमध्ये टिपून घ्या, जुन्या वर्तमानपत्राची पानं चिकटवून त्या मापाचा कागद कापा आणि भिंतीला लावा. त्या कोऱ्या कागदासमोर उभं राहिलं की चित्रातलं मूल खऱ्या मुलाएवढं आहे, मोठं आहे की लहान, ते अंगाला कळतं. मग जळगाव-धुळ्यात कुठल्याही डिजिटल प्रिंटवाल्याकडून ए-३ आकाराची रंगीत प्रत काढून घ्या. प्रिंटमध्ये रंग थोडे बदलतात, तेव्हा रंगाबद्दल फार ठाम बोलायचं नाही, एवढं लक्षात ठेवा.

पाच मिनिटं फक्त यादी

वहीत लिहायचं ते वस्तू आणि जागा एवढंच. उदास, भेदरलेली, निरागस, गूढ हे शब्द या पानावर चालणार नाहीत. मुलं सुरुवातीला कुरकुरतात, कारण 'उदास' लिहिलं की काम संपतं आणि 'खालचा डोळा, पापणी अर्धी खाली' लिहायला पाहावं लागतं.

आमच्या चित्राची यादी साधारण अशी होते. डाव्या कडेला खिडकी, तिचे आडवे पट्टे, पिवळट आणि जांभळट राखाडी. मुलीचं नाक खिडकीच्या दिशेला. वरचा डोळा बदामासारखा, पूर्ण. खालचा डोळा त्रिकोणी, पाचरीसारखा. त्याखाली निळसर राखाडी डाग. वेणी एक, लाल रिबीन. उजव्या हाताची मूठ, त्यातून पिवळ्या कागदाचं टोक बाहेर. मागे टेबल, त्यावर स्टीलची वाटी, वरून पाहिल्यासारखी पूर्ण गोल. खुर्ची मोठ्या माणसाची. पाय जमिनीला टेकत नाहीत. एका पायात चप्पल, दुसरा उघडा.

ती उघडी टाच बऱ्याच जणांना दिसतच नाही. चेहऱ्याच्या मोडतोडीवर नजर अडकते आणि चित्राचा खालचा तिसरा भाग वाचायचा राहून जातो. म्हणून यादी करताना चित्र खालून वर वाचा. आधी पाय, मग मांडी, हात, आणि चेहरा सगळ्यात शेवटी.

कुठून पाहिलंय ते तीन रंगांनी शोधा

या पायरीला वेळ द्या, घाई करू नका. प्रिंटवर ट्रेसिंग पेपर ठेवा, चारही कोपऱ्यांना टेप लावा. तीन रंगीत पेन्सिली घ्या. जो भाग समोरून पाहिल्यासारखा आहे तो लाल पेन्सिलीने गिरवा. बाजूने पाहिल्यासारखा असेल तो निळ्याने. वरून पाहिल्यासारखा असेल तो हिरव्याने. कुठलाच रंग ठरत नसेल तिथे कागद कोरा सोडा.

डोळ्यांच्या बाबतीत चूक होते, म्हणून खूण सांगतो. समोरून पाहिलेला डोळा दोन्हीकडे निमुळता, बदामी असतो आणि बुबुळ गोल दिसतं. बाजूने पाहिलेला डोळा आडव्या पाचरीसारखा असतो, बुबुळ चपटं होऊन पुढच्या कडेला येतं. कान बाजूने पाहताना पूर्ण दिसतो, समोरून पाहिला तर नुसती कड दिसते. नाकाची बाह्यरेषा दिसली तर ती बाजूची. नाकपुड्या दोन दिसल्या तर समोरची किंवा खालची.

आमच्या चित्राचं गिरवणं संपलं की असं निघतं: नाक, ओठ, हनुवटी, कान आणि खालचा डोळा निळे. वरचा डोळा आणि दोन्ही खांदे लाल. टेबल, वाटी आणि खुर्चीची बैठक हिरवी, पण खुर्चीचे पाय लाल. मूठ, रिबीन आणि पाय मात्र एकेकाच रंगात, सरळ.

इतकं झालं की 'तोडफोड' हा शब्द गळून पडायला लागतो. चेहरा फुटलेला नाही, दोन वेळा पाहिलेला आहे. एकदा खिडकीकडे वळलेला असताना, एकदा मामाकडे पाहत असताना. पिकासो आणि ब्राक या चित्रकारांनी 1907 ते 1914 या काळात पॅरिसमध्ये ज्या घनवादाची (क्युबिझमची) उभारणी केली, त्याचं मर्म हेच. एका जागी एक डोळा मिटून उभं राहून जग पाहायचं आणि तेवढंच कागदावर उतरवायचं, ही युरोपात जवळजवळ पाचशे वर्षं मुरलेली रीत त्यांनी सोडली. पिकासोने 1910 मध्ये कान्वायलर या चित्रविक्रेत्याचं व्यक्तिचित्र केलं. त्यात राखाडी-तपकिरी प्रतलांच्या, म्हणजे सपाट पृष्ठांच्या, गर्दीतून जोडलेले हात, केसांची लाट, घड्याळाच्या साखळीची खूण अशा मोजक्या गोष्टी वर येतात. मोठा माणूस पुन्हा पुन्हा येऊन तासन्‌तास बसू शकतो. सहा वर्षांची मुलगी बसत नाही. मूल समोर असेल तर चेहऱ्याच्या दोन बाजू एकत्र येण्यामागे कलेचा सिद्धांत असतो, तसा मुलाचा चुळबुळेपणाही असतो. चित्र वाचताना हे दुसरं कारण लोक विसरतात.

आणि ही रीत परकी म्हणून नाकं मुरडण्यात अर्थ नाही. विष्णुधर्मोत्तर पुराणातल्या चित्रसूत्रात देह दाखवण्याची नऊ स्थानं सांगितली आहेत: समोरून, तिरपं, बाजूने, पाठीकडून अशी. एका आकृतीला एक स्थान, हा तिथला हिशेब. घनवाद्यांनी एका आकृतीला दोन-तीन स्थानं दिली. अजिंठा तर जळगावहून साठेक किलोमीटरवर, खानदेशातल्या जवळपास प्रत्येक शाळेची सहल तिथे जाऊन आलेली असते. सतराव्या लेण्यातलं विश्वंतर जातक, म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्मीची कथा, आठवा. एकाच भिंतीवर तोच राजपुत्र पुन्हा पुन्हा येतो, वेगवेगळ्या प्रसंगांत, मधे चौकट नाही. त्याच लेण्यात बुद्ध भिक्षापात्र घेऊन उभे आहेत आणि समोर यशोधरा व राहुल. बुद्ध इतके उंच की आई आणि लेकरू त्यांच्या गुडघ्या-मांडीच्या आसपास. तिथे कुणी म्हणत नाही की चित्रकाराला प्रमाण कळत नव्हतं. पाचव्या शतकातल्या त्या चित्रकाराने महत्त्वाप्रमाणे माप बदललं, हे आपण सहज मान्य करतो. मग भुसावळच्या भिंतीवर डोळा दोन बोटं खाली आला तर एवढं काय बिघडलं?

जे तुटलेलं नाही, तिथे थांबा

माझ्या मते सगळ्या पद्धतीचा कणा हा आहे. तुकड्यांच्या चित्रात तुकडे सगळ्यांनाच दिसतात. चित्रकाराने काय अखंड ठेवलं, ते कुणी मोजत नाही. ज्याला सगळंच मोडायची मुभा आहे, त्याने एखादी वस्तू जशीच्या तशी ठेवली असेल तर ती त्याने ठरवून वाचवली आहे, असं धरून चाला.

तुमच्या ट्रेसिंगवर जे भाग एकाच रंगात पूर्ण बंद झाले आहेत, त्यांना पेनाने गोल करा. आमच्याकडे तीन गोल येतात: रिबीन, मूठ, पाय. रिबीन फक्त रंगासाठी असू शकते, सगळ्या चित्रात तेवढाच लाल आहे. पण मूठ पाहा. बोटांच्या मुळाशी, मोठ्या माणसांची हाडं वर येतात तिथे, लहान मुलांना खळ्या असतात. चित्रकाराने त्या चारही खळ्या काढल्या आहेत, प्रत्येकीत सावलीचा एकेक बारीक ठिपका. अंगठा बोटांच्या आत दाबलेला. पिवळ्या कागदाला दोन चुण्या, आणि टोकाला पीळ, लिमलेटच्या गोळीच्या कागदाला असतो तसा. चेहऱ्यावर रुंद कुंचल्याचे सपाट फटकारे आणि इथे दोन नंबरच्या कुंचल्याचं काम. तिरप्या उजेडात पाहिलं तर मुठीवर रंगाचा थरही जाड दिसतो.

का वाचवली असेल मूठ? डोकं हलत होतं, नजर फिरत होती, पाय लोंबत होते. स्थिर काय होतं? गोळी धरलेला हात. मूल कितीही चुळबुळ करो, हातातली गोळी सोडत नाही. चित्रकाराला एकाच बैठकीत नीट पाहता आली अशी ही एकच जागा असावी, आणि त्याने ती नीट पाहिली.

हा अंदाज आहे, पण चित्रातल्या खुणांवर उभा असलेला अंदाज. 'विखंडित मन' हाही अंदाजच, पण तो या मुलीला लागू पडतो तसा कुठल्याही घनवादी चित्राला लागू पडतो. बाटलीच्या चित्रालाही. जो अर्थ बाटलीलाही चालतो, तो या लेकराचा अर्थ नव्हे.

मूल आहे हे कशावरून?

शंका घ्या. चेहरा इतका बदलल्यावरही पाच-सहा वर्षांची मुलगी हे आपल्याला कळलं कसं? पेन्सिल समोर धरून मापा. नवजात बाळाचं डोकं देहाच्या साधारण एक चतुर्थांश असतं, सहा वर्षांच्या मुलाचं साधारण सहावा हिस्सा, मोठ्या माणसाचं सातवा-आठवा. दुसरं माप डोळ्यांचं. मोठ्या माणसाचे डोळे डोक्याच्या उंचीच्या बरोबर मध्यावर येतात. मुलांचं कपाळ मोठं आणि जबडा लहान, त्यामुळे त्यांचे डोळे मध्याच्या खाली येतात. स्मरणचित्रात मुलं काढताना विद्यार्थी हेच विसरतात आणि शाळकरी पोरगं बुटक्या काकांसारखं दिसायला लागतं.

आमच्या चित्रात दोन डोळे वर-खाली आहेत, पण दोन्ही मध्यरेषेच्या खाली. कपाळ अर्ध्याहून जास्त. हनुवटी लहान. म्हणजे चित्रकाराने चेहऱ्याच्या बाजू बदलल्या, पण वयाची मापं सोडली नाहीत. काही चित्रांत याच्या उलट असतं, मुलाच्या देहावर मोठ्याची मापं बसवलेली असतात. तसं दिसलं तर ती गंभीर खूण समजा, तिथे मुलावर लादलेल्या मोठेपणाबद्दल बोलायला जागा आहे. पण आधी मापा, मग बोला.

आणखी एक. आजूबाजूच्या वस्तूंशी मुलाचं नातं पाहा. खुर्ची मोठ्यांची, पाय लोंबते. मुलीला तिच्या मापाची जागा दिलेली नाही, मोठ्यांच्या जागी बसवलं आहे. व्यक्तिचित्रासाठी बसणं ही मोठ्यांचीच हौस, मुलांची नव्हे.

रंग

रंगाचं मी थोडक्यात सांगतो, कारण यावर नको तितकं लिहिलं जातं. लाल म्हणजे राग आणि निळा म्हणजे दुःख ही कोष्टकं बाजूला ठेवा. दोन गोष्टी करा. एक, मोबाईलवर चित्राचा फोटो काळा-पांढरा करून पाहा. सगळ्यात उजळ आणि सगळ्यात गडद जागा कुठे शेजारी येतात, तिथे चित्रकाराला तुमची नजर न्यायची आहे. आमच्या चित्रात ती जागा नाक आणि खिडकीच्या मधली आहे, चेहरा नाही. दोन, जो रंग खटकतो तो चित्रात आणखी कुठे आहे ते शोधा. खालच्या डोळ्याखालचा निळसर राखाडी डाग पाहून निम्म्या पालकांना 'आजारपण' आठवतं. पण तोच रंग वाटीच्या सावलीत आहे आणि मागच्या भिंतीवरही. उजेड डाव्या खिडकीतून येतो, डाग गालाच्या मागच्या, खिडकीपासून लांबच्या बाजूला आहे. म्हणजे ती सावली. आजाराचा अर्थ इथे टिकत नाही.

उजेडाची सवय नसेल तर चाळीसगावला एक चक्कर मारा. केकी मूस यांनी तिथे रेल्वे स्टेशनजवळच्या बंगल्यात आयुष्य काढलं आणि टेबलावर मांडलेल्या लहानसहान वस्तूंवर उजेड टाकून निसर्गदृश्यं वाटावीत असे फोटो काढले. त्यांची छायाचित्रं आणि संग्रह तिथे जपलेले आहेत. सावली कुठून येते हे ओळखण्याचा तो उत्तम वर्ग आहे.

आता पट्टी वाचा

नाव, साल, चित्रकार, मुलाशी त्याचं नातं. मुलाचं जन्मसाल मिळालं तर चित्राच्या सालातून वजा करा आणि वय काढा. पिकासोची मुलगी माया 5 सप्टेंबर 1935 ची. तिचं बाहुली घेतलेलं प्रसिद्ध चित्र 16 जानेवारी 1938 चं. म्हणजे ती सव्वादोन वर्षांची होऊन गेली होती, बसायला नुसतं 'बस' म्हटलं तरी उठणाऱ्या वयाची. त्या चित्रातही चेहरा बाजूने आणि समोरून एकदमच दिसतो.

इथे एक सापळा आहे. 1938 म्हणजे स्पेनमधलं यादवी युद्ध, गेर्निका या गावावर 26 एप्रिल 1937 ला बॉम्ब पडले, पिकासोने त्यावर ते अवाढव्य चित्र केलं, म्हणून मायाचा चेहराही युद्धाने मोडला, अशी साखळी लावायचा मोह होतो. पण दोन्ही चित्रं शेजारी ठेवून पाहा. 'गेर्निका'मध्येही एक मूल आहे, मेलेलं, आईच्या हातात मान लटकलेलं, आणि सगळं काळ्या-पांढऱ्या-राखाडीत. मायाचं चित्र रंगांनी भरलेलं, पोर बसलेली, बाहुली कवटाळलेली. हात तोच, रीत तीच, मधे वर्षही गेलेलं नाही. एकाच रीतीतून शोकही निघतो आणि खेळही निघतो, तर नुसत्या रीतीवरून शोक कसा ठरवायचा? ठरतो तो देहाच्या ठेवणीवरून, वजन कुठे पडलंय त्यावरून, हात काय करतायत त्यावरून.

उलट बाजूही पाहून ठेवा. याच पिकासोने 1924 मध्ये आपला मुलगा पाउलो विदूषकाच्या चौकटीच्या पोशाखात रंगवला. चेहरा इतका गुळगुळीत आणि सरळ की जुन्या घराण्यातला फोटो वाटावा. घनवाद तेव्हा त्याच्या हातात पुरता मुरलेला होता, तरी इथे वापरला नाही. आणि पाय व खुर्चीचा काही भाग नुसता रेषांतच सोडून दिला आहे. म्हणजे चित्रकार दर वेळी निवड करत असतो. 'त्याला असंच काढता येतं' किंवा 'त्या काळी असंच काढायचे' ही उत्तरं पुरत नाहीत.

तोंड हसरं की रडकं?

अमळनेरकडच्या एका विद्यार्थ्याने चित्रासमोर बसून बराच वेळ डोकं खाजवलं आणि विचारलं, "सर, हाई पोर रडी ऱ्हायनी का हासी ऱ्हायनी?" वर्ग हसला, पण प्रश्न नेमका होता. अशा वेळी पोस्टकार्ड घ्या आणि झाकून पाहा. खालचा डोळा झाका: वरच्या डोळ्याची मुलगी टक्क जागी आहे, तुम्हालाच जोखते आहे. आता वरचा झाका: उरलेली मुलगी पेंगुळलेली, खिडकीबाहेर कुठेतरी हरवलेली. ओठ तेच, रेषा तीच, पण डोळा बदलला की तोंडाचा भाव बदलतो. त्या विद्यार्थ्याने वहीत लिहिलं, 'दोन्ही, पण एकदम नाही.' यापेक्षा चांगलं वाक्य मला सुचलं नसतं.

अर्थ लिहायचा तो असा

निबंध नको. आधी जे दिसतं ते लिहा, मग त्यावरून जे वाटतं ते, आणि शेवटी जे या अर्थात बसत नाही तेही. शेवटचा भाग गाळू नका. तपासणाऱ्याला म्हणा किंवा स्वतःला म्हणा, तिथूनच कळतं की तुम्ही चित्र पाहिलंय की पाठ केलंय.

आमच्या चित्राचा एक कच्चा मसुदा:

'मुलगी मोठ्यांच्या खुर्चीत बसवलेली आहे, पाय टेकत नाहीत, एक चप्पल निसटली आहे. चेहरा दोन दिशांना दिसतो, खिडकीकडे आणि पाहणाऱ्याकडे. मूठ मात्र एकाच बाजूने, खळ्यांसकट, बारीक काढली आहे आणि त्यात गोळीचा कागद आहे. यावरून वाटतं की तिला गोळीचं आमिष देऊन बसवलं असावं, तिचं लक्ष बाहेर होतं आणि ती मधूनमधून मामाकडे बघत होती. चित्रकाराने तिला गप्प बसलेली दाखवण्यापेक्षा तिचं न बसणंच रंगवलं. कान इतका वर का आहे, हे या अर्थात बसत नाही. टेबलावरची रिकामी वाटीही बसत नाही.'

वाटीबद्दल एका मुलीने म्हटलं की गोळ्या त्या वाटीत असतील आणि संपल्या असतील. असेलही. मी ते कंसात लिहायला लावलं, कारण वाटीत तसं काहीच दिसत नाही.

दुसरा कुणी याच खुणांवरून वेगळा अर्थ लावू शकतो: मुलीला जबरदस्तीने बसवलं आहे, मूठ म्हणजे विरोध. अंगठा आत दाबलेला आहे, हा त्याच्या बाजूचा पुरावा. पण मग गोळी? आणि खांदे सैल का? अशी उलटतपासणी दोघांनी समोरासमोर बसून करा. जो अर्थ जास्त खुणा कामाला लावतो आणि कमी खुणा दडवतो, तो पुढे न्या. 'कलेत सगळे अर्थ बरोबर' असं म्हणून उठायचं नाही. ती पळवाट आहे.

'हे तर लहान पोराने काढल्यासारखं आहे'

हे वाक्य कुठेतरी येणारच, बहुधा काकांकडून. त्याला चिडू नका. पाउल क्ले या चित्रकाराने 1911 मध्ये आपल्या चित्रांची नोंदवही सुरू केली, तेव्हा स्वतःची बालपणीची काही चित्रंही तिच्यात नोंदवली. लहान मुलांच्या चित्रांकडे तो शिक्षक म्हणून मार्क द्यायला बघत नव्हता. आणि क्लेची चित्रं 1922 च्या डिसेंबरात कलकत्त्याला बाउहाउस या जर्मन कलाशाळेच्या प्रदर्शनात आपल्याकडेही येऊन गेली. गगनेंद्रनाथ टागोर त्याच सुमारास प्रकाशाची प्रतलं कापून चित्रं रचत होते.

काकांना फरक दाखवायचा तर सरळ सांगा: पाच वर्षांचं मूल बाजूच्या चेहऱ्यावर दोन डोळे काढतं, कारण माणसाला दोन डोळे असतात हे त्याला ठाऊक आहे. ते जे जाणतं ते काढतं. आमच्या चित्रकाराने दोन डोळे दोन वेगळ्या आकारांचे काढले, एक समोरचा, एक बाजूचा. त्याने दोन वेळा जे पाहिलं ते काढलं. ट्रेसिंग पेपरवरचे लाल आणि निळे रंग काकांसमोर धरा.

स्वतः करून पाहा

घरातलं, शेजारचं एखादं पोरगं पकडा, पाच-सात वर्षांचं. उन्हाळ्यात दुपारी नको, खानदेशातल्या मे महिन्यात मोठी माणसंही बसत नाहीत. सकाळी, खिडकीशेजारी, उजेड एकाच बाजूने येईल असं बसवा. हातात काहीतरी द्या, गोळी, पेरू, खेळण्यातली गाडी. 'हलू नकोस' म्हणायचं नाही.

तीन ट्रेसिंग पेपर घ्या. ते तुमच्याकडे बघेल तेव्हा पहिल्या कागदावर काढा, वळलं की कागद बदला, मान खाली घातली की तिसरा. ते पुन्हा तुमच्याकडे वळलं की पुन्हा पहिला कागद. प्रत्येक कागदावर डोक्याची बाह्यरेषा एकाच जागी राहील अशी खूण आधी करून ठेवा, नाहीतर पुढे काही जुळत नाही. मूल उठून गेलं की काम संपलं, ओढून आणू नका.

मग तिन्ही कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेवर धरा. तीन चेहरे एकमेकांत शिरलेले दिसतील. आता चौथ्या, जाड कागदावर त्यातल्या कुठल्या रेषा ठेवायच्या ते तुम्ही ठरवायचं: एका कागदावरचा डोळा, दुसऱ्यावरचं नाक, तिसऱ्यावरचं कपाळ. सगळ्या ठेवल्या तर जाळं होतं, एकाच कागदावरच्या ठेवल्या तर नेहमीचं व्यक्तिचित्र होतं. हात मात्र एकदाच, नीट काढा, आणि शक्यतो चेहऱ्याआधी काढा, कारण हातातला पेरू फार वेळ टिकत नाही.